चंबळच्या वाळवंटावरील पाणचिरा



चंबळ हे नाव ऐकले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे घोडे, बंदुका आणि मातीचे उभे कडे येतात. हिंदी चित्रपटांनी हे काम इतके चोख करून ठेवले आहे की त्या कड्यांच्या पायथ्याशी एक नदीही वाहते, याचा विसर पडावा. वास्तविक महाराष्ट्राला ही नदी परकी नाही. अठराव्या शतकात दिल्लीकडे निघालेल्या मराठी फौजांना ती ओलांडावी लागे. शिंद्यांचे ग्वाल्हेर तिच्या अलीकडेच वसलेले आहे. १९६० साली गागोद्याचे विनोबा भिंड-मुरैनेच्या मुलखात पायी फिरले आणि त्यांच्या शब्दाखातर काही बागींनी शस्त्रे खाली ठेवली, हेही ज्येष्ठांना आठवत असेल.

महूजवळच्या जानापावच्या डोंगरात उगम पावून, मध्य प्रदेश आणि राजस्थान यांची सीमा आखत, सुमारे ९६० किलोमीटरचा प्रवास करून ही नदी उत्तर प्रदेशात इटावा जिल्ह्यात यमुनेला मिळते. तिचे प्राचीन नाव चर्मण्वती. राजा रंतिदेवाच्या यज्ञाशी तिची कथा जोडलेली आहे, आणि कालिदासाने ‘मेघदूता’त आपल्या मेघाला तिच्यावर थोडे रेंगाळायला लावले आहे. इतके सांस्कृतिक वैभव असूनही या नदीच्या वाट्याला पूजा मात्र फारशी आली नाही. लोक सांगतात की द्यूतसभेत विटंबना झालेल्या द्रौपदीने तिला शाप दिला; जो तिचे पाणी पिईल त्याच्या रक्तात सूडाची तहान उतरेल. ही लोककथा आहे, तिचा ग्रंथाधार शोधत बसण्यात अर्थ नाही. पण तिचा परिणाम ऐतिहासिक आहे. काशीच्या किंवा मथुरेच्या तोलाचे तीर्थ हिच्या काठी उभे राहिले नाही. कोट्याच्या खाली मोठे शहर तिला लागून नाही. शापाने भाविकांना दूर ठेवले, बीहडांनी शेतकऱ्याला आणि बागींनी उरलेल्या सर्वांना. आपण ज्या नद्यांना माता म्हणून ओवाळले त्यांचे पाणी आज आचमनालाही धजवत नाही, आणि जिला शापित म्हणून टाळले ती उत्तर भारतातील स्वच्छ नद्यांमध्ये गणली जाते. या विसंगतीवर अधिक भाष्य न केलेले बरे.

आजच्या व्याख्यानाचा विषय या नदीच्या आश्रयाला राहिलेला एक पक्षी आहे. त्याचे नाव पाणचिरा.

नावातच त्याचे सारे चरित्र आहे. कावळ्याएवढ्या अंगाचा, वरून काळपट, खालून शुभ्र, डोक्यावर काळी टोपी, तांबडे पाय आणि नारिंगी रंगाची जाड, पिवळ्या टोकाची चोच. पंख मात्र अंगाच्या मानाने फार लांब. पण पाहणाऱ्याची नजर चोचीवरच खिळते, कारण तिचे खालचे पाते वरच्यापेक्षा लांब असते. प्रथम पाहणाऱ्याला वाटते, बिचाऱ्याची चोच मोडलेली दिसते. हे पाते बाजूने सुरीसारखे चपटे असते. सायंकाळी वारा पडला, पाणी आरशासारखे स्थिर झाले की पाणचिरा पाण्याला जवळजवळ टेकून उडू लागतो. चोच उघडतो, खालचे पाते पाण्यात बुडवतो आणि तसाच सरळ पुढे जातो. मागे पाण्यावर एक बारीक रेघ उमटत जाते, कापडावरून कात्री फिरवावी तशी. मासा दिसावा लागत नाही. पात्याला मासा लागला की मान खाली झुकते आणि चोच मिटते. हे सारे उडता उडता, पळभरात. म्हणूनच तो संधिप्रकाशात, चांदण्यातही शिकार करू शकतो. जगात या कुळातील जाती तीनच: एक अमेरिकेत, एक आफ्रिकेत आणि ही भारतीय.

या शिकारीला अट एकच आहे. पाणी शांत आणि उथळ हवे, रुंद हवे आणि वाहते हवे. गढूळ नाल्यात किंवा काठोकाठ भरलेल्या धरणात हे कौशल्य निरुपयोगी ठरते.

आता त्याचे घर पाहू. पावसाळा सरला, हिवाळ्यात पाणी उतरले की नदीच्या मध्यभागी वाळूची बेटे उघडी पडतात. पंढरपूरला चंद्रभागेचे वाळवंट ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही जागा समजावून सांगायला नको. फक्त हे वाळवंट चारही बाजूंनी पाण्याने वेढलेले असते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून पाणचिरे तेथे जमू लागतात. त्यांचे घरटे म्हणजे वाळूत पोटाने आणि पायाने केलेला एक उथळ खळगा. काडी नाही, गवत नाही, आडोसा नाही. त्यात तीन-चार अंडी, मातकट रंगाची, तपकिरी ठिपक्यांची. दोन पावलांवरूनही ती दिसत नाहीत. पाणचिरा एकटा घर करीत नाही, त्याची वस्ती असते. त्याच वाळूवर नदी सुरय असतात, काळ्या पोटाचे सुरय असतात, नदी टिटव्या असतात. शेजार मोठा आणि कलकलाटी. घार किंवा कावळा आला की सारी आळी एकदम आकाशात उठते.

एप्रिल-मे महिन्यांत या प्रदेशात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. वाळूचा चटका त्याहून अधिक. अशा वेळी अंडी उबवायची नसतात, उकडू द्यायची नसतात. पाणचिरे नदीवर जातात, पोटाची पिसे पाण्यात भिजवतात आणि परत येऊन अंड्यांवर बसतात. दुपारभर या फेऱ्या चालू राहतात. पक्ष्याला घरट्यावरून कोणी उठवले आणि अर्धा तास परतू दिले नाही, तर अंड्यातील जीव तेथेच संपू शकतो. उठवणारा कुत्राच असावा असे नाही. हौसेने छायाचित्र काढायला बेटावर उतरलेला सुशिक्षित मनुष्यही तेच करतो.

साधारण तीन आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात. जन्मतः त्यांच्या चोचीची दोन्ही पाती सारखीच असतात, म्हणून वाळूवर पडलेला मासा त्यांना उचलता येतो. खालचे पाते वयाबरोबर वाढत जाते. पंखांत बळ यायला महिना-सव्वा महिना लागतो. तोवर धोका दिसला की पिल्लू वाळूत अंग चोरून निश्चल पडते, कधी वाळू उकरून त्यात अर्धे बुडते. सगळा हिशेब मांडला तर मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे पाऊस कोसळून बेट पाण्याखाली जाईपर्यंत, या पक्ष्याला वाळूचा एक तुकडा निर्धोक हवा असतो. वर्षाचे उरलेले महिने तो कोणाकडे काही मागत नाही. पावसाळ्यात तो नदी सोडतो आणि हिवाळ्यात गुजरातेत जामनगरच्या किंवा आंध्रात काकीनाड्याच्या किनाऱ्यावर, बांगलादेशातील समुद्रबेटांवर दिसतो. महाराष्ट्रात तो क्वचितचा पाहुणा आहे.

एवढी साधी मागणीही पुरी होत नाही, हे आकडे सांगतात. एकेकाळी हा पक्षी सिंधूपासून आग्नेय आशियातील मेकाँगपर्यंत पसरला होता. लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम या देशांतून तो नाहीसा झाल्यातच जमा आहे. आज जगात उरलेल्या पाणचिऱ्यांची संख्या सुमारे तीन हजार मानली जाते आणि त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक भारतात आहेत. २०२० साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत त्याला ‘संकटग्रस्त’ या वर्गात घालण्यात आले. वाघासाठी भूतान, नेपाळ, रशिया असे वाटेकरी आहेत. पाणचिऱ्यासाठी जवळजवळ कोणी नाही. तो भारतातून गेला तर पृथ्वीवरून गेला, असेच समजावे लागेल.

तो का घटला? नदीत पाणी कमी झाले, हे अर्धे उत्तर आहे. उरलेले अर्धे असे की पाणी अवेळी येऊ-जाऊ लागले. चंबळवर गांधीसागर, राणा प्रताप सागर, जवाहर सागर आणि कोटा बंधारा अशी चार मोठी बांधकामे आहेत. स्वातंत्र्योत्तर पिढीने ती अभिमानाने बांधली. त्यांच्यामुळे लाखो एकर कोरड्या जमिनीला पाणी मिळाले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण उन्हाळ्यात पाणी अडले की प्रवाह आक्रसतो आणि बेट व काठ यांच्यामधली धार इतकी उथळ होते की कुत्रे, कोल्हे चालत पलीकडे जातात. चारही बाजूंचे पाणी हीच ज्या घराची भिंत, त्याची भिंतच पडली. उलट, वरून एकाएकी पाणी सोडले की रात्रीत संपूर्ण वस्ती वाहून जाते. पाणचिऱ्याच्या पूर्वजांनी हजारो वर्षांत नदीचे पंचांग पाठ केले होते. आता ते पंचांग धरणाच्या दरवाजाशी बसलेल्या अभियंत्याच्या हाती आहे आणि त्याला वाळूवर अंडी आहेत याची कोणी वर्दीच देत नाही.

दुसरे कारण गुरे. उन्हाळ्यात चाऱ्याच्या आणि पाण्याच्या ओढीने गुरे बेटावर उतरतात. म्हशीच्या खुराला अंडे आणि खडा यांत भेद नसतो. तिसरे कारण नदीपात्रातील शेती. विदर्भात जिला डांगरवाडी म्हणतात तशी टरबूज-काकडीची लागवड उत्तरेतील नद्यांच्या वाळूत सर्वत्र होते. ती गरिबाची शेती आहे. तिला एकदम शत्रू ठरवणे सोपे असले तरी न्यायाचे नाही.

वाळूचोरीबद्दल मात्र असा संकोच करण्याचे कारण नाही. राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात वाळूउपशाला बंदी आहे आणि तरीही ट्रॅक्टर उतरतात. या धंद्याची आणि त्याच्या भावंडांची जात कोणती, हे मार्च २०१२ मध्ये मुरैना जिल्ह्यातील बानमोरला दिसले. बेकायदा दगडाने भरलेला ट्रॅक्टर अडवू पाहणारे तरुण पोलीस अधिकारी नरेंद्रकुमार त्याच ट्रॅक्टरखाली मारले गेले. ज्या मुलखात गणवेशातील अधिकाऱ्याचा जीव इतका स्वस्त, तेथे वाळूतल्या अंड्याची कथा ती काय! आणि महाराष्ट्राने येथे नाक वर करू नये. आपल्या गोदावरी-भीमेच्या पात्रांतून रात्री काय वाहून जाते आणि तहसीलदाराच्या अंगावर कोणाची वाहने घातली जातात, हे आपल्या जिल्हा वृत्तपत्रांतून नित्य वाचायला मिळते.

येथे कोणी विचारील की अंडी उचलून सुरक्षित जागी का उबवू नयेत? प्रश्न रास्त आहे, कारण याच नदीवर ते यशस्वीपणे केले गेले आहे. घडियाल, म्हणजे लांब निमुळत्या जबड्याची आपली सुसर, सत्तरच्या दशकात संपण्याच्या बेतात होती. १९७५ पासून देशात मगर-सुसरींच्या संवर्धनाचा प्रकल्प सुरू झाला, पुढे तीन राज्यांत पसरलेले चंबळ अभयारण्य घोषित झाले. मुरैनेजवळ देवरी येथील केंद्रात नदीकाठची अंडी आणून उबवली जातात, पिल्ले वाढवून पुन्हा नदीत सोडली जातात. आज जगातील सर्वांत अधिक घडियाल चंबळमध्ये आहेत. परंतु सुसरीचे पिल्लू आपले भक्ष्य पहिल्यापासून आपणच पकडते. पाणचिऱ्याच्या पिल्लाला उडता येईपर्यंत मासा आईबापांनीच भरवावा लागतो आणि पुढे त्याला पाणी चिरण्याची विद्या वाहत्या नदीवर, आपल्या थव्यातच साधावी लागते. टोपलीत घालून आणलेल्या अंड्यातून पक्षी निघेलही. तो पाणचिरा म्हणून जगेल याची हमी कोण देणार? तेव्हा अंड्याला घर देण्यापेक्षा अंड्याचे घर राखणे, हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

तो मार्ग धरला मुंबईच्या संस्थेने. १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही डॉ. सलीम अलींमुळे आपल्याला परिचित आहे. या संस्थेने २०१७ साली चंबळवर पाणचिऱ्याच्या घरट्यांच्या अभ्यासाला आणि राखणीला प्रारंभ केला. परवीन शेख या शास्त्रज्ञ त्या कामाच्या प्रमुख. पक्ष्यांच्या पायांत खुणेच्या कड्या घालणे, घरटी मोजणे, कोणते का नष्ट झाले याची नोंद ठेवणे हा शास्त्राचा भाग झाला. पण पहारा ठेवायचा कोणी? वनखात्याचे रक्षक मोजके, आणि अभयारण्य शेकडो किलोमीटर लांब. मुंबईहून येणारा संशोधक चार दिवस राहील. कुत्रे रोज येतात. तेव्हा काठच्या गावांतील माणसांनाच घरट्यांचे राखणदार म्हणून नेमण्यात आले.

हे वरकरणी किरकोळ वाटते. कुंपण, कॅमेरे, कोटींचा प्रकल्प असे काही त्यात नाही. गावातला एक माणूस विणीच्या हंगामात बेटासमोर थांबतो. गुरे उतरू लागली की हाकतो, कुत्रे हुसकावतो, किती अंडी, किती पिल्ले याची वहीत नोंद करतो. परंतु त्याचे खरे सामर्थ्य वेगळे आहे. म्हैस कोणाची हे त्याला ठाऊक असते. तिच्या मालकाशी तो पारावर बोलू शकतो, त्याच्या घरच्या लग्नाला जेवू शकतो. जी गोष्ट सरकारी फलकाने होत नाही ती ‘काका, तेवढी म्हैस पलीकडच्या घाटावर न्या, अजून दोन आठवडे’ एवढ्या वाक्याने होते. संघटनेचे काम ज्यांनी केले आहे त्यांना हे निराळे समजावण्याची गरज नाही. शिवाय त्याला त्याचा मोबदला मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे. गरिबाकडून फुकट देशसेवेची अपेक्षा करण्याची शहरी सवय आता सोडलेली बरी.

परिणाम काय झाला? घरटी तगण्याचे प्रमाण १४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर आले. चंबळवरील पाणचिऱ्यांची संख्या सुमारे ४०० होती, ती १००० च्या घरात गेली. २०२५ साली परवीन शेख यांना या कामासाठी लंडनमध्ये व्हिटली पुरस्कार देण्यात आला. संवर्धनाच्या क्षेत्रात तो फार मानाचा समजला जातो आणि ५० हजार पौंडांचा निधी कामासाठी मिळतो. आनंदाची गोष्ट खरीच. पण पुरस्काराच्या बातमीत एक आकडा सहज वाचून पुढे जाण्यासारखा होता. २७ टक्के म्हणजे आजही चारांपैकी जवळजवळ तीन घरटी जातात, आणि तीही राखण असताना. यशाचे हे माप पाहिले की आधीच्या अपयशाची खोली कळते. संख्या वाढली ती दीर्घायुषी पक्ष्याला थोडीशी उसंत मिळाली म्हणून. ती उसंत दोन हंगाम बंद पडली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

पुढचे काम अधिक अवघड आहे. या निधीतून राखणीचा उपक्रम प्रयागराजच्या परिसरात, गंगा-यमुनेच्या वाळूवर नेण्याचे ठरले आहे. तेथेही पाणचिरे अंडी घालतात. मात्र चंबळला अभयारण्याचे कवच आहे, बीहडांचे एकांत आहेत. प्रयागला यातले काही नाही. तेथे वाळूवर शेती आहे, नावा आहेत, निषादांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटी आहेत आणि श्रद्धेने येणारी अपार गर्दी आहे. २०२५ च्या महाकुंभात कोट्यवधी भाविक त्याच वाळूवर उतरले होते. सुदैवाने माघस्नान संपते आणि पाणचिऱ्याची वीण सुरू होते. पंचांगाने दोघांची वेळ जणू वाटून दिली आहे. मेळा उठल्यावर मागे राहिलेला कचरा आणि त्या कचऱ्यावर पोसलेले कुत्रे व कावळे मात्र पंचांग पाहत नाहीत. शापित नदीवर साधलेले काम पूजनीय नदीवर साधते का, याची परीक्षा तेथे होईल. त्या परीक्षेला नाव वल्हवणारा निषाद बसणार आहे, तसाच नागपूर-पुण्याहून स्नानाला गेलेला यात्रेकरूही.

चंबळवरही सारे स्थिरस्थावर आहे असे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र शासन, राजस्थान आणि मध्य प्रदेश यांच्यात पार्वती-कालीसिंध-चंबळ जोड प्रकल्पाचा करार झाला. पूर्व राजस्थानच्या तहानलेल्या जिल्ह्यांना पाणी हवे आहे. ती मागणी खोटी नाही. पार्वती आणि कालीसिंध या चंबळच्याच उपनद्या. त्यांचे पाणी वळले तर उन्हाळ्यात खालच्या पात्रात किती उरेल, हा प्रश्न प्रकल्पाच्या कागदावर स्पष्ट उत्तरासह लिहिला गेला पाहिजे. मार्च ते जून या काळात ठरावीक प्रवाह अखंड सोडायचा, आणि मध्येच एकाएकी पूर सोडायचा नाही, एवढी अट घालणे अशक्य कोटीतील नाही. सुसर, गांगेय डॉल्फिन, कासवे आणि काठची माणसे या सर्वांनाच त्या प्रवाहाची गरज आहे. धरणाचे वेळापत्रक आखताना कालवा-समिती बसते, वीज मंडळ बसते. त्या बैठकीत घरट्यांच्या नोंदवहीतील एक पान ठेवले, तरी पुष्कळ होईल.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माळव्यावर ढग येतात. जानापावला पाऊस पडतो, काही दिवसांत मुरैनेच्या खालच्या वाळवंटांवर पाणी चढू लागते. ज्या पिल्लांच्या पंखांत तोवर बळ आले ती उठतात, ज्यांच्या नाही ती राहून जातात. राखणदार वही मिटतो, उडालेल्या पिल्लांचा आकडा शेवटच्या रकान्यात लिहितो आणि पेरणीसाठी शेताकडे वळतो.